बंडाचा अभ्यास बंदुकीपासून सुरू करू नका

संघर्ष आणि बंडखोरी या विषयात पीएचडी करू इच्छिणारे विद्यार्थी मला बहुधा 'सिद्धान्त कोणता घ्यावा' असे विचारतात. मी त्यांना सांगते की आधी एकच प्रदेश निवडा आणि तिथे पहिली गोळी सुटण्यापूर्वीची दहा वर्षे नीट वाचा. मी पुण्यात राहून मिझोरमवर काम करायचे ठरवले, तेव्हा माझा आराखडा मार्च १९६६ च्या उठावापासून सुरू होत होता. मार्गदर्शकांनी तो परत केला आणि एवढेच म्हटले, "शेतातले भात कोणी खाल्ले, ते आधी शोध."

ते उंदरांनी खाल्ले होते. तिथल्या बांबूला सुमारे ४८ वर्षांनी एकदा फुलोरा येतो, त्याच्या फळांवर उंदीर माजतात आणि मग ते उभ्या पिकांत शिरतात. १९५९ मध्ये असाच दुष्काळ पडला. हा भाग तेव्हा आसामात होता. आसाम सरकारने दुष्काळाची वेळीच दखल घेतली नाही, ही भावना लोकांच्या मनात घर करून राहिली आणि दुष्काळात मदत करणाऱ्या संघटनेतूनच १९६१ मध्ये लालडेंगा यांच्या नेतृत्वाखाली मिझो नॅशनल फ्रंट उभी राहिली. १९६६ चा उठाव याच संघटनेने केला.

मुलाखतींत माझी मोठी चूक झाली. १९६७ पासून लष्कराने गावेच्या गावे उठवून रस्त्यालगतच्या वस्त्यांत बसवली होती. त्या स्थलांतरातून गेलेल्या एका आजींना मी थेट 'तुमचा बंडाला पाठिंबा होता का' असे विचारले आणि त्या गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी, निघताना पाठीवरच्या टोपलीत काय घेतले होते, एवढेच विचारले. तांदूळ, एक भांडे आणि धाकटा भाऊ, असे सांगून त्या पुढे दोन तास बोलत राहिल्या. दुभाषा सोबत असला, तरी मिझो भाषा थोडी तरी शिकून जा. आणि वहीत खरी नावे लिहू नका, कारण ती वही कोणाच्या हाती पडेल हे आपल्या हातात नसते.

सर्वाधिक वेळ मात्र फसलेल्या वाटाघाटींना द्या, कारण संवाद कशाने टिकतो हे तिथेच कळते. केंद्र सरकार आणि मिझो नॅशनल फ्रंट यांच्यातला १९७६ चा करार तडीस गेला नाही आणि १९८० च्या शस्त्रसंधीनंतरची बोलणी १९८२ मध्ये मोडली. तरीही चर्चची मंडळी मध्यस्थी करीत राहिली आणि अखेर ३० जून १९८६ रोजी करार झाला. त्याचा मसुदा तर वाचाच, पण माझ्या मते त्यानंतरचे दोन महिने अधिक बोलके आहेत: निवडून आलेले मुख्यमंत्री लालथनहवला यांनी पद सोडले, लालडेंगा ऑगस्टमध्ये मुख्यमंत्री झाले आणि लालथनहवला त्यांच्याच मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्री म्हणून बसले.