आजींच्या अंगावरचे फोड : त्वचा ओपीडीत नव्याने रुजू झालेल्यांसाठी

म्हातारं माणूस एक हात पुढे करून "मलम द्या" म्हणतं. तेवढ्यावर भागवू नका. पडदा ओढा; पाठ, काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या बघा, टॉर्चने तोंडही बघा. सोलापुरात पूर्व भागातल्या आजी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या कन्नड. दुभाषा म्हणून नातू चालेल, पण 'आधी खाज की आधी फोड' याचं उत्तर आजींकडूनच काढून घ्या.

कित्येक आठवडे खाज आणि मग लालसर चट्ट्यांवर ताठ, सहज न फुटणारे फोड आले, तर साठीपुढे पहिला संशय बुलस पेम्फिगॉइडचा (शरीराची प्रतिपिंडं स्वतःच्याच कातडीवर उलटतात आणि वरच्या थराच्या खाली फोड धरतो). फोड लिबलिबीत, तोंडात जखमा आणि शेजारची कातडी अंगठ्याने दाबून सरकवताच सोलून येते, तर पेम्फिगस (असाच आजार, पण फोड वरच्या थराच्या आतच धरतो). खरूजही फसवते, तिच्यातही फोड येतात. घरात रात्री आणखी कोण खाजवतं ते विचारा, बेचक्या खरवडून स्लाइड बघा. हे न करता स्टेरॉइड सुरू केलं तर खरूज अंगभर पसरते.

गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावा. व्हिल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन या मधुमेहाच्या गोळ्यांनी पेम्फिगॉइड होऊ शकतो, आणि त्या बऱ्याचदा मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत असतात. म्हणून स्ट्रिपमागचे घटक वाचा. "ही तर वर्षभर चालू आहे" म्हणून गोळी निर्दोष ठरत नाही. बंद मात्र फिजिशियनला विचारूनच करा.

बायोप्सीत घोळ होतो तो बाटल्यांचा. तुकडे दोन लागतात. पहिला इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (कातडीत साठलेली प्रतिपिंडं चमकवून दाखवणारी तपासणी): फोडापासून एक सेंटिमीटरच्या आतली, फोड नसलेली कातडी, ४ मिमी पंचने (गोल पोकळ पात्याने), मिशेल माध्यमात (हा नमुना टिकवणाऱ्या द्रवात). ते नसेल तर सलाइनमध्ये, पण मग २४ तासांत लॅबला पोचलं पाहिजे. शनिवारी दुपारी असा नमुना घेऊ नका. फॉर्मलिनमध्ये पडला की तो तुकडा या तपासणीतून बाद. फॉर्मलिन लागलेला चिमटाही त्याला लावू नका, म्हणून हाच तुकडा आधी घ्यायचा. शक्यतो पायाच्या नडगीवरून घेऊ नका, तिथे खोटा निगेटिव्ह येतो.

दुसरा फॉर्मलिनसाठी, म्हणजे नेहमीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीसाठी, कालपरवा उठलेला छोटा फोड अख्खा. जुन्या फोडाच्या तळाशी नवी कातडी धरते आणि पॅथॉलॉजिस्टला तो पेम्फिगससारखा दिसतो. मोठ्या फोडावर पंच फिरवला तर छप्पर निसटतं. तिथे ब्लेडने कडेचा तुकडा घ्या.

फॉर्मवर नुसतं 'फोड' लिहू नका. वय, जागा, फोड किती दिवसांचा आणि चालू गोळ्या लिहा.