रेनकोटांची अदलाबदल टाळा

पावसाळ्यात कोल्हापुरात बालवाडी सुटली की दारात सगळे रेनकोट सारखेच दिसतात. 3 वर्षांच्या मुलाला नाव वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकाला एक चित्र ठरवून द्या: मासा, आंबा, पतंग.

1. तेच चित्र खुंटीवर, दप्तरावर आणि रेनकोटाच्या कॉलरला आतून. कागदी स्टिकर ओला होऊन निघतो. पांढऱ्या सुती पट्टीवर परमनंट मार्करनं काढा, चार टाके घाला.
2. खुंट्या बोथट, वीतभर अंतरावर, मुलाच्या डोक्याच्या जरा वर. डोळ्यांच्या रेषेत तर मुळीच नकोत!
3. खाली पसरट ट्रे, निथळणारं पाणी साठायला.

नाव बाहेरून दिसेल असं लिहू नका. अनोळखी माणसानं नावानं हाक मारली, तर मूल विश्वासानं त्याच्यामागे जाऊ शकतं.