बंद पडलेल्या दवाखान्याचे फोटो काढायचे असतील तर

आधी मालक शोधा. जुने प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, ग्रामीण रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांचे कार्यालय. इमारत खासगी असेल तर गावात सातबारावर, शहरात मालमत्ता पत्रकावर नाव सापडते. परवानगी लेखीच घ्या. मग शेजारच्या टपरीवर चहा घ्या. कुठला मजला खचलाय, आग्या मोहोळ कुठे लागलंय, हे तिथेच कळते.

दिवस डिसेंबर-जानेवारीतला धरा. पाटण-जावळीकडे पावसाळ्यानंतर गवत कमरेला लागते. त्यात घोणसही दिसत नाही आणि सेप्टिक टँकचे उघडे तोंडही. दुसरे कारण उन्हाचे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो, खिडकीतून ऊन आत शिरतच नाही. डिसेंबरअखेर तो माध्यान्हीलाही साधारण ४९ अंशांवरच असतो. दक्षिणेच्या खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल, तर ऊन सहा फूट आत येते, म्हणजे खाटेच्या पायापर्यंत.

तिघे जा, त्यातला एक बाहेर थांबू दे. जाड तळाचे बूट, एन-९५ मास्क (वटवाघळे आणि कबुतरांच्या विष्ठेची धूळ फुफ्फुसात जाते), दोन टॉर्च. लाकडी जिना भिंतीच्या कडेने चढा, फळी मधोमध आधी मोडते. सिमेंटच्या पत्र्यावर पाय अजिबात नको. फुटलेल्या बीपी मशीनमधला पारा दिसला तर ती खोली सोडा.

एक्स-रे मशीनला वीज नसेल तर त्यातून किरण निघत नाहीत. पण तीन पाकळ्यांचे किरणोत्सर्गाचे चिन्ह एखाद्या जड डब्यावर किंवा कॅन्सरच्या उपचारयंत्रावर असेल, तर हात न लावता बाहेर पडा आणि ११२ ला कळवा. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ साली बंद क्लिनिकमधून उचलून नेलेल्या सीझियमने चार जण दगावले.

आता कॅमेरा. लेन्स बाहेरच लावा, आत बदलली की सेन्सरवर धूळ बसलीच. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन बंद. खिडकी पांढरी फटक पडते आणि कोपरा काळा राहतो, म्हणून एक्स्पोजर −२, ०, +२ (गडद, नेहमीचा, उजळ) ठेवून तीन फोटो घ्या आणि नंतर जोडा. खोलीत शिरल्यावर पाच मिनिटे हलू नका, उडालेली धूळ बसू दे. फ्लॅश नकोच, त्यात धुळीचे कण गोल ठिपके होऊन चमकतात आणि गावभर भुताचा फोटो म्हणून फिरतात.

रुंद फोटो एकदोन पुरे. खरी मजा भिंतीत असते: कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट, वर चुना, मध्ये लोणा लागून सुटलेले पापुद्रे. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवी धरा, प्रत्येक पापुद्र्याला सावली येते. सांगलीत २०१९ च्या पुरात बुडालेली इमारत असेल तर गाळाची रेघ शोधा आणि मापासाठी दाराची चौकट फ्रेममध्ये ठेवा.

केसपेपरवरची नावे वाचता येतील असा फोटो काढू नका, वस्तू हलवू नका.

बाहेर आल्यावर बुटांचे तळ पाहा. सुई रुतली असेल तर पकडीने काढा, बोटांनी नाही, आणि जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावा.