स्वयंप्रकाशित कादंबरीचं प्रसिद्धीपत्रक कसं लिहावं

कादंबरी प्रकाशित होणं ही लेखकासाठी मोठी घटना असते, पण संपादकाच्या दृष्टीने ती अजून बातमी झालेली नसते. त्याच्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रकांत एवढंच असतं की अमुक लेखकाची अमुक कादंबरी आली. मोठ्या प्रकाशकाचं नाव पाठीशी असेल तर तेवढ्यावरही चार ओळी छापून येतात. स्वयंप्रकाशित लेखकाला ती सोय नाही. म्हणून लिहायला बसण्याआधी एक प्रश्न सोडवावा: ज्याने ही कादंबरी वाचलेली नाही आणि कदाचित वाचणारही नाही, त्यालाही यात कळण्याजोगं काय आहे?

उत्तर बहुधा तीन ठिकाणी सापडतं: कादंबरीच्या विषयात, लेखकाच्या कामात किंवा वेळेत. समजा, अतिदक्षता विभागात २६ वर्षं काम केलेल्या परिचारिकेने एकाच रात्रीत घडणारी कादंबरी लिहिली आणि तिला ‘खाट क्रमांक अकरा’ असं नाव दिलं. इथे बातमी पुस्तकाची नसून परिचारिकेने आतून दाखवलेल्या वॉर्डाची आहे. १२ मे हा आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन आहे. प्रकाशन त्याच्या आसपास ठेवलं तर संपादकाला ‘आत्ताच का?’ हे विचारावं लागत नाही.

मथळा आठ-दहा शब्दांपेक्षा मोठा नसावा. ‘हृदयाला भिडणारी कादंबरी वाचकांच्या भेटीला’ हा मथळा कुठल्याही पुस्तकाला चालेल, म्हणूनच तो निरुपयोगी. ‘अतिदक्षता विभागातली एक रात्र परिचारिकेच्या कादंबरीत’ हा एकाच पुस्तकाचा मथळा आहे.

सगळ्यात जास्त वेळ इंट्रोवर, म्हणजे पहिल्या परिच्छेदावर घालवावा. चाळीस-पन्नास शब्दांत कोणी, काय, कधी, कुठे आणि का हे आलं पाहिजे. उदाहरणार्थ: ‘अतिदक्षता विभागात २६ वर्षं काम केलेल्या परिचारिकेची “खाट क्रमांक अकरा” ही पहिली कादंबरी १२ मे रोजी छापील आणि ई-बुक स्वरूपात प्रकाशित होत आहे. वॉर्डातल्या एका रात्रीची ही गोष्ट रुग्णांइतकीच त्यांच्या उशाशी जागणाऱ्यांचीही आहे.’ प्रत्यक्ष पत्रकात लेखिकेचं नाव याच वाक्यात येईल. उपसंपादक जागेअभावी मजकूर शेवटाकडून कापतो. त्यामुळे प्रकाशनाची तारीख शेवटच्या परिच्छेदात ठेवली, तर सर्वात आधी तीच जाते. मजकूर तयार झाला की इंट्रोखालचं सगळं झाकून पाहा. उरलेल्या दोन-तीन वाक्यांतून बातमी पूर्ण कळत नसेल तर इंट्रो पुन्हा लिहा.

दुसरा परिच्छेद कथानकाचा, साठ ते ऐंशी शब्दांचा. कादंबरीच्या पहिल्या चतुर्थांशापलीकडे जाऊ नये. मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा उचलून इथे चिकटवण्याचा मोह होतो, पण तो वाचकाची उत्सुकता वाढवायला लिहिलेला असतो. ‘ती ही रात्र पार करेल का?’ असले प्रश्न बातमीत शोभत नाहीत. पात्र कोण, अडचण काय आणि गोष्ट कुठे घडते, एवढं सरळ सांगावं.

नंतर लेखकाचं अवतरण. संपूर्ण पत्रक तृतीयपुरुषी असतं, ‘मी’ येतो तो फक्त इथे. त्यामुळे ही जागा ‘मला अत्यंत आनंद होत आहे’ यावर वाया घालवू नये. दुसऱ्या कोणालाच सांगता येणार नाही असं काहीतरी दोन-तीन वाक्यांत सांगावं: ही गोष्ट एकाच रात्रीत का बसवली, कुठला प्रसंग लिहायला सर्वात अवघड गेला. मुलाखत घ्यावी की नाही, हे पत्रकार पुष्कळदा या अवतरणावरूनच ठरवतो.

विशेषणं मात्र निर्दयपणे काढावीत. ‘अप्रतिम’, ‘थरारक’, ‘खिळवून ठेवणारी’ हे शब्द वृत्तपत्र स्वतःच्या नावावर छापू शकत नाही. ते खोडण्याचं काम उपसंपादकावर पडतं आणि खोडाखोड फार झाली की तो पत्रकच बाजूला ठेवतो. स्तुती हवीच असेल तर कोणी केली ते नावासह आणि त्यांच्या परवानगीने द्यावी. पुस्तक स्वतः प्रकाशित केलं आहे हे लपवू नये. ‘प्रकाशन: लेखक’ असं लिहायला हरकत नाही. काल्पनिक संस्थेचं नाव आणि तिच्या प्रवक्त्याचं विधान घालणं ही फसवणूक आहे, आणि उघडकीस आली की पुढच्या पुस्तकाचं दारही बंद होतं.

शेवटी चाळीसेक शब्दांत लेखकाचा परिचय आणि त्याखाली तपशिलांची चौकट: नाव, लेखक, साहित्यप्रकार, पृष्ठसंख्या, स्वरूप, किंमत, तेरा अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) असल्यास तो, प्रकाशनाची तारीख, पुस्तक मिळण्याचं ठिकाण आणि संपर्कासाठी एक फोन व एक ई-मेल. परीक्षणासाठी प्रत मिळेल हेही इथेच लिहावं. चौकट सोडून एकूण मजकूर तीनशे ते साडेतीनशे शब्दांत, एका पानात बसला पाहिजे.

पाठवताना मजकूर थेट ई-मेलमध्ये, युनिकोडमध्ये ठेवावा. पीडीएफमधून देवनागरी कॉपी केली की जोडाक्षरं आणि वेलांट्या पुष्कळदा विस्कटतात, आणि नव्याने टाइप करायला डेस्कवर कोणाला वेळ नसतो. मुखपृष्ठ आणि लेखकाचं छायाचित्र जेपीजीमध्ये, छपाईच्या आकाराला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) भरेल असं द्यावं; ४ बाय ६ इंचांसाठी १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो आकसतो, तिथे डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. फाइलला ‘फोटो १’ऐवजी पुस्तकाचं नाव द्यावं. ई-मेलच्या विषयाच्या जागी मथळाच लिहावा. पन्नास पत्ते एकदम टाकून पाठवू नये. साहित्य पुरवणीच्या संपादकाला आणि आरोग्यविषयक मासिकाला जाणारा इंट्रोही वेगळा हवा, कारण दुसऱ्याला कादंबरीपेक्षा वॉर्डात रस आहे.

दैनिकासाठी दहा-पंधरा दिवस, साप्ताहिक पुरवणीसाठी तीन-चार आठवडे, मासिकासाठी दोन-तीन महिने आधी पाठवावं. आधी पाठवताना मजकुराच्या वर ‘१२ मेपूर्वी प्रसिद्ध करू नये’ अशी सूचना ठळकपणे द्यावी. तशी अट नसेल तर ‘तत्काळ प्रसिद्धीसाठी’. खरेदीची लिंक दिली असेल तर विक्रीच्या संकेतस्थळावरच्या आपल्या खात्यातून बाहेर पडून ती उघडून पाहावी. आपल्या खात्यातून दिसणारं पान वाचकाला अजून दिसत नसण्याची शक्यता असते.

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकच छोटा ई-मेल करावा. ‘मिळालं का?’ विचारण्यापेक्षा नवं काही द्यावं: निवडक दोन पानं किंवा मुलाखतीसाठी मोकळ्या वेळा. त्यानंतर पाठपुरावा थांबवावा. छापून आल्यावर नाव, तारीख किंवा किंमत चुकली असेल तर तेवढीच दुरुस्ती कळवावी. मथळा आवडला नाही किंवा अवतरण कापलं, याची तक्रार करू नये.