लग्नपत्रिका, समोसे आणि फक्की: नववी-दहावीच्या बीजगणिताचं घरचं साहित्य

बीजगणिताचं साहित्य विकत आणू नका. लग्नसराई मे महिन्यात आटोपते आणि जूनमध्ये शाळा भरते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मुलांना जुन्या लग्नपत्रिका आणायला सांगितल्या की कपाट भरतं. खानदेशात तर एकेका घरात ढीग असतो. तो जाड, गुळगुळीत कागद बीजगणिताच्या पट्ट्यांसाठी फार चांगला. पुठ्ठा कापताना मुलांचे हात दुखतात, आणि वहीचं पान पंखा लावला की उडतं.

मुलांच्या एका जोडीसाठी तीन मोठे चौरस, बारा पट्ट्या आणि सोळा छोटे चौरस लागतात. छोटा चौरस २ सेंमी बाजूचा. पट्टी २ सेंमी रुंद आणि ७ सेंमी लांब. मोठा चौरस ७ सेंमी बाजूचा. छोटा म्हणजे १, पट्टी म्हणजे क्ष, मोठा म्हणजे क्ष². पट्टीची लांबी ६ किंवा ८ सेंमी मुळीच घेऊ नका. मुलं लगेच छोटे चौरस शेजारी लावून बघतात आणि "मॅडम, क्ष म्हणजे चार!" असं जाहीर करतात. ७ घेतलं तरी एखादा हुशार "साडेतीन" म्हणतोच. त्यासाठी अर्ध्या वर्गाचे संच ७ चे आणि अर्ध्या वर्गाचे ९ चे करा. पट्ट्या वेगळ्या मापाच्या, पण उत्तर दोन्हीकडे तेच. चल म्हणजे काय हे त्यानंतर फळ्यावर फारसं समजावावं लागत नाही.

पहिलं काम असं द्या: एक मोठा चौरस, पाच पट्ट्या, सहा छोटे. सगळे वापरून एक सलग आयत करा, मध्ये भोक नको आणि बाहेर तुकडा नको. अवयव हा शब्द अजून उच्चारायचा नाही. आयत जमला की त्याच्या दोन बाजू मोजायला सांगा. एक निघते क्ष + २, दुसरी क्ष + ३. मग फळ्यावर लिहा: क्ष² + ५क्ष + ६ = (क्ष + २)(क्ष + ३). पुढे क्ष² + ६क्ष + ८, क्ष² + ७क्ष + १२ आणि शेवटी २क्ष² + ७क्ष + ३. या शेवटच्यावर वर्ग अडतो. अडू द्या. पाच मिनिटं तुम्ही खिडकीशी जाऊन उभे राहिलात तरी चालेल.

त्यानंतर मुद्दाम क्ष² + ५क्ष + ५ द्या. पट्ट्या २ आणि ३ अशा लावल्या तर एक छोटा चौरस कमी पडतो. १ आणि ४ अशा लावल्या तर एक उरतो. मुलं शेजारच्या जोडीकडून एक उसना घ्यायला उठतात, तेव्हा त्यांना थांबवायचं. हा आयत पूर्णांक बाजूंनी होतच नाही, हे त्यांनी स्वतः म्हटलं पाहिजे. दहावीत सूत्राने (−५ ± √५)/२ अशी मुळं येतात, तेव्हा तो एक कमी-एक जास्त चौरस त्यांना आठवतो.

दहावीत पूर्ण वर्ग पद्धत शिकवताना हेच संच पुन्हा काढा. क्ष² + ६क्ष = १६ घ्या. मोठ्या चौरसाच्या उजवीकडे तीन पट्ट्या, खाली तीन पट्ट्या. कोपऱ्यात खिंडार दिसतं, तिथे बरोबर नऊ छोटे चौरस बसतात. "मधल्या पदाच्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग मिळवा" ही घोकंपट्टी त्या कोपऱ्यात दिसते. दोन्ही बाजूंना ९ मिळवले की (क्ष + ३)² = २५, म्हणून क्ष = २ किंवा क्ष = −८.

आणि इथेच पट्ट्या गोळा करायच्या. −८ लांबीची पट्टी कुठून आणणार? पट्टीच्या मागे लाल रंग देऊन ऋण पदं दाखवतात, शून्याच्या जोड्या करतात (एक पांढरा आणि एक लाल मिळून शून्य). क्ष² − क्ष − ६ साठी मी तेही करून घेते, पण एकाच तासिकेत. त्यापुढे लाल-पांढऱ्याच्या हिशोबात मूळ गणित बाजूला पडतं. त्याऐवजी वहीत दोन बाय दोनची चौकट आखायला लावा, वर एक कंस, डावीकडे दुसरा, आणि प्रत्येक घरात गुणाकार. ही चौकट म्हणजे तोच आयत, फक्त माप सोडलेला. साहित्य कधी द्यायचं याचा आपण खूप विचार करतो. कधी काढून घ्यायचं हेही पाठ टाचणात लिहून ठेवायला हवं, नाहीतर दिवाळीनंतरही मुलं पट्ट्या मागत राहतात.

दोन चलांतील समीकरणांना मी समोश्यांपासून सुरुवात करते. फळ्यावर दोन बिलं लिहायची. तीन समोसे, दोन चहा: ८० रुपये. दोन समोसे, तीन चहा: ७० रुपये. अट एकच, क्ष-य लिहायचं नाही. दोन-तीन मिनिटांत कुणीतरी म्हणतं, दोन्ही बिलं एकत्र केली तर पाच समोसे-पाच चहा दीडशेला, म्हणजे एक समोसा आणि एक चहा तीसला. मागच्या बाकावरून दुसरा ओरडतो, एक चहा परत करून समोसा घेतला की दहा रुपये जास्त पडतात. झालं! समोसा २०, चहा १०. आता दोन्ही वाक्यं चिन्हांत लिहून घ्या: बेरजेने क्ष + य = ३०, वजाबाकीने क्ष − य = १०. सहगुणकांची अदलाबदल झालेली उदाहरणं पुस्तकात येतात, ती नेमकी याच युक्तीने सुटतात. निश्चयक (सहगुणकांची चौकट) आणि त्याने समीकरणं सोडवायची क्रेमरची पद्धत त्यानंतर.

आलेखासाठी वर्ग सोडून मैदानावर जा. क्रीडाशिक्षकांकडून कबड्डीचं मैदान आखायची फक्की मागून घ्या (ती परत करायची असते, हे त्यांनी मला अनेकदा सांगितलं आहे). दोन अक्ष आखा, दोन पावलांना एक एकक. सात जणांना −२ ते ४ असे क्ष चे आकडे वाटा आणि सांगा, य = क्ष + २ काढून आपापल्या बिंदूवर उभे राहा. उरलेला वर्ग ओट्यावरून बघतो. सरळ रेषा झाली नाही तर चुकलेला कोण, हे ओट्यावरचेच सांगतात. मग दुसरे सात जण, क्ष + य = ४. एका जागेवर दोघं एकमेकांवर आदळतात: (१, ३). "माझी जागा आहे" म्हणून भांडतात, त्या दोघांना तिथेच ठेवा आणि दोन्ही समीकरणांत किंमती घालून बघायला लावा. पहिल्या गटाला आता क्ष + य = ६ द्या. या वेळी कुणीच कुणावर आदळत नाही. समांतर रेषा, उकल नाही. पावसाळ्यात हे जमत नाही, म्हणून जुलैत हा पाठ आला तर मी आलेखाचा भाग मागे ढकलते.

श्रेढीला, म्हणजे सारख्या फरकाने वाढणाऱ्या आकड्यांच्या रांगेला, खराट्याच्या काड्या. एक चौरस करायला चार, त्याला जोडून दुसरा करायला आणखी तीन: ४, ७, १०, १३. प्रत्येक गटाला विचारा, न चौरसांना किती, आणि मोजलं कसं ते लिहा. ४ + ३(न − १) येतं, ३न + १ येतं. कुणी वरच्या न, खालच्या न आणि उभ्या न + १ अशा वेगळ्या मोजतं. कुणी सगळे सुटे चौरस धरून ४न − (न − १) लिहितं. चारही फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि खरं कुणाचं ते विचारा. कंस सोडवण्याचा सराव एवढ्या आवडीने दुसरीकडे कुठे होत नाही. शंभर काड्यांत किती चौरस, हा शेवटचा प्रश्न. उत्तर ३३, काडी उरत नाही.

चाळीसगावजवळच्या आम्हा लोकांना एक सोय आहे. पाटणादेवीला सहल नेता येते. तिथल्या पाटण गावी भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. सहल नसली तरी भास्कराचार्यांच्या लीलावती ग्रंथातलं भुंग्यांचं गणित कुठल्याही वर्गात चालतं. थव्याच्या निम्म्याचं वर्गमूळ एवढे भुंगे मालतीकडे गेले, थव्याचे आठ नवमांशही गेले, आणि उरले दोघं: कमळात अडकलेला एक भुंगा आणि त्याला साद घालणारी भुंगी. थवा केवढा? थवा २क्ष² धरला की वर्गमूळ सुटतं: क्ष + १६क्ष²/९ + २ = २क्ष². आवरलं की २क्ष² − ९क्ष − १८ = ०, अवयव (२क्ष + ३)(क्ष − ६). क्ष = ६, थवा ७२. इथे −३/२ का सोडायचा आणि मघाशी −८ का ठेवला, हा वाद वर्गात होऊ द्या. थवा "क्ष" न धरता "२क्ष²" का धरला, हे मात्र आधी सांगू नका.

अर्थनियोजनाच्या पाठासाठी घरची बिलं मागवा, औषधांच्या दुकानाची किंवा मोबाइलची. २३६ रुपयांत १८ टक्के जीएसटी धरलेला असेल तर मूळ किंमत किती? निम्मा वर्ग २३६ चे १८ टक्के वजा करतो आणि १९३.५२ सांगतो. क्ष + ०.१८क्ष = २३६ लिहिलं की २०० येतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे दर बहुतांश गेले, त्यामुळे त्याआधीचं आणि नंतरचं बिल मिळालं तर शेजारी शेजारी चिकटवा.

मोबाइलवरचं साहित्य मी बेतानेच वापरते. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा हे सरकारी शैक्षणिक अ‍ॅप उघडतं, ते घरी बघायला ठीक. आलेख काढायचं जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर मोफत आहे; प्रोजेक्टर असेल तर स्लायडरने म (रेषेचा चढ) बदलून य = मक्ष + क ची रेषा फिरवून दाखवा, पण फक्कीच्या तासाच्या आधी नको. फेट (PhET) या संकेतस्थळावरची गणित-विज्ञानाची बरीच सिम्युलेशन मराठीतही आहेत.

प्रत्येक पाठ संपला की अर्ध्या कागदावर मुलांकडून एक शाब्दिक उदाहरण लिहून घ्या, मागे उत्तर. ऊस-कापूस, एसटीची तिकिटं, क्रिकेटच्या धावा, काय वाटेल ते. बरीच सुटत नाहीत, बकरीची किंमत ऋण येते. ती उदाहरणं ज्याची त्यालाच दुरुस्त करायला परत द्या. चांगली दोन निवडून पुढच्या घटक चाचणीत घाला, खाली मुलाचं नाव छापून.