शाळेची भिंत मुलांसोबत रंगवताय? या चुका टाळा

सोलापुरात शाळेच्या भिंतीवर चित्र काढायचं ठरलं की मुहूर्त बहुतेकदा मे महिन्याचा निघतो. सुट्टी असते, चित्रकारही मोकळा असतो. पण चाळिशीच्या वर गेलेल्या उन्हात पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापते. रंग ब्रशवरच वाळू लागतो, एक हात दुसऱ्यात मिसळत नाही आणि पट्टे उमटतात. पावसाळाही नको. आपल्याकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो आणि मुरलेली ओल लवकर जात नाही. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत काम करा. फक्त गड्ड्याचा, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचा आठवडा सोडा. संक्रांतीला नंदीध्वजांच्या मिरवणुकीमागे अर्धी शाळा असते, आणि असायलाच हवी.

भिंत न तपासता रंगाचा डबा उघडणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून प्रत्येक शाळेच्या गच्चीवर टाक्या असतात. टाकी भरून वाहिली की पाणी नेमकं कुठल्या भिंतीवरून उतरतं, हे आधी बघा. चित्राची भिंत तीच असेल तर पाइप वळवून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा. आतून दव धरलं तर भिंत ओली आहे. पांढरी भुकटी फुलली असेल तर तो लोणा; कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतलात तर क्षार पुन्हा आत जातात. हात फिरवल्यावर तळव्याला चुना लागत असेल तर जुना थर खरवडल्याशिवाय प्रायमर धरणार नाही. नवं प्लास्टर असेल तर किमान महिनाभर थांबा.

खरवडण्याचं काम मुलांना देऊ नका. रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटच्या धुळीत शिसं असू शकतं आणि ते मुलांना फार घातक असतं. रंगाऱ्याने मास्क लावून, भिंत ओली करून, शाळा भरलेली नसताना हे काम करावं.

चित्र चित्रकाराचं, मुलं फक्त रंग भरणारी

हे फार ठिकाणी होतं. चित्रकार आदल्या दिवशी रेषा काढून ठेवतो, मुलं चौकटीत निळा भरतात, फोटो निघतात. विषयही ठरलेला: दोन हातांत पृथ्वी, शेजारी एक झाड. असं चित्र कुठल्याही गावच्या भिंतीवर खपेल.

त्याऐवजी पहिले दोन तास भिंतीला हात न लावता फक्त बोला. घरी काय दिसतं, कोण काय काम करतं, हे मुलांना कागदावर काढू द्या. कुणाची आजी सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळते, कुणाच्या घराखाली यंत्रमाग चालतो, कुणी नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी बघायला गेलेलं असतं. एकाच वर्गात तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी मुलं असतात. हे सगळं भिंतीवर यायला हवं. चित्रकाराने त्याची मांडणी करावी, मुलांची रेघ मात्र सुधारू नये. वाकडा माळढोक वाकडाच राहू द्या.

भिंतीवर उतरवताना अंदाजाने काढू नका. सोलापुरी चादरीची जेकार्ड नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकटीचौकटीने काढली जायची. तीच रीत इथे वापरा. कागदावर एक इंचाचे चौकोन, भिंतीवर एक फुटाचे. गेरूत भिजवलेल्या सुतळीने सूत मारलं की चौकोन पटकन पडतात, आणि चौथीतलं मूलसुद्धा आपला चौकोन बरोबर उतरवतं.

एका वेळी भिंतीपुढे आठ-दहाच मुलं ठेवा. परांचीवर मूल चढवायचं नाही, वरचा भाग मोठ्यांनी करावा. म्हणून मुलांची मुख्य चित्रं त्यांच्या हाताच्या उंचीवर येतील अशी मांडणी करा. खालचा फूटभर पट्टा गडद ठेवा, पावसात चिखलाचे शिंतोडे तिथेच उडतात.

रंग

पोस्टर कलर आणि डिस्टेंपर बाहेर टिकत नाहीत. बाहेरच्या भिंतीचं ॲक्रिलिक इमल्शन घ्या, त्यात स्टेनर, म्हणजे छटा देणारा दाट रंग मिसळा. भडक गुलाबी आणि पिवळा उन्हात लवकर उडतो. गेरूचा लाल, पिवळी माती हे ऑक्साइडचे रंग पुष्कळ टिकतात. लागणारी छटा एकदाच पुरेशी मिसळा, दुसऱ्या दिवशी ती तशीच जमत नाही. ओला रंग वाळल्यावर थोडा गडद होतो, म्हणून आधी पुठ्ठ्यावर वाळवून बघा.

बिघडलंच तर

ओघळ आला तर ओला असताना पुसत बसू नका. वाळू द्या, पॉलिश पेपर मारा, वरून हात द्या. फुगे आले तर वरून रंग लावणं व्यर्थ, ओल कुठून येते ते शोधा. वर्षभरात पोपडे सुटले तर तेवढाच भाग प्रायमरपर्यंत खरवडून पुन्हा करा. त्यासाठी प्रत्येक छटेची छोटी बरणी नाव आणि मिश्रण लिहून कलाशिक्षकांच्या कपाटात ठेवा. ब्रश धुतलेलं पाणी मात्र झाडांना घालू नका.