मधमाशीपालन: फुलोऱ्याच्या सहा आठवडे आधीची तयारी

मधपेटी कधी आणायची, हा प्रश्न बहुतेकांना पिकाला फूल दिसल्यावर पडतो. तोवर उशीर झालेला असतो. राणीमाशीने आज घातलेल्या अंड्यातून कामकरी माशी बाहेर पडायला साधारण २१ दिवस लागतात. त्यानंतरही ती लगेच फुलांवर जात नाही. पहिले दोन-तीन आठवडे पोळ्यातली घरे साफ करणे, अळ्यांना भरवणे, मेणाचे बांधकाम करणे आणि दारावर पहारा देणे यात जातात. म्हणून सूर्यफूल, मोहरी, बियाण्याचा कांदा किंवा वेलवर्गीय पीक ज्या सुमारास फुलणार असेल, त्याच्या सहा आठवडे आधी वसाहत, म्हणजे एका राणीभोवतीचे माश्यांचे कुटुंब, वाढवायला घ्यावी.

त्याआधी आपल्या पिकाला माश्यांची गरज आहे का, तेही पाहा. गहू आणि भाताचे परागीभवन बहुतांशी फुलातल्या फुलातच होते, मक्याचे काम वारा करतो. तिथे पेटी ठेवून उत्पादन वाढण्याची आशा धरू नये. कलिंगड, काकडी, भोपळा यांचे मात्र माश्यांवाचून अडते. या वेलींवर नर आणि मादी फुले बहुधा वेगवेगळी असतात, परागकण जड व चिकट असल्याने वाऱ्याने उडत नाहीत आणि एकेक फूल जेमतेम एक दिवस उघडे राहते. तेवढ्या वेळात मादी फुलावर माश्यांच्या पुरेशा फेऱ्या झाल्या नाहीत, तर फळ वेडेवाकडे होते किंवा कोवळे असतानाच गळते. अशा पिकात मधापेक्षा फळांतून मिळणारा फायदाच मोठा असतो. मध हे जोडउत्पन्न समजावे.

पेटीत पाळायच्या माश्या मुख्यतः दोन, देशी सातेरी आणि युरोपीय मेलिफेरा. आग्या आणि फुलोरी माशी उघड्यावर एकच पोळे बांधतात, त्या पेटीत टिकत नाहीत. आजची चौकटींची (ज्यांत माश्या पोळे बांधतात त्या उचलता येणाऱ्या लाकडी चौकटींची) पेटी अमेरिकी मधपाळ लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये हेरलेल्या एका बारकाव्यावर उभी आहे. साधारण ६ ते ९ मिलिमीटरची फट माश्या ये-जा करायला मोकळी ठेवतात. ती कमी झाली तर डिंकासारख्या राळेने बुजवतात, जास्त झाली तर तिथे पोळे बांधतात आणि मग चौकट उचलताना सगळे फाटते. सुताराकडून पेटी करून घेणार असाल, तर बाकी काही कमी-जास्त चालेल, हे माप चुकू देऊ नका. सातेरीची आणि मेलिफेराची पेटीही वेगळ्या मापाची असते.

जागा सावलीची, वाऱ्याच्या आडोशाची आणि जवळ स्वच्छ पाणी असलेली हवी. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की मुंग्या चढत नाहीत. रहदारीची वाट आणि गोठा दूरच बरा. एकदा ठेवलेली पेटी दहा-वीस पावले सरकवू नका, कारण चरायला गेलेल्या माश्या जुन्याच जागी परततात.

आसपास फुले नसतील तेव्हा साखर व पाणी समान वजनाने घेऊन पाक द्यावा. तो संध्याकाळी, पेटीच्या आतच ठेवावा. बाहेर सांडला तर दुसऱ्या वसाहतींच्या माश्या लुटायला येतात. कुठला तरी विकतचा मध खाऊ घालू नका, त्यातून रोग येऊ शकतो. वरची मधकोठी, म्हणजे मध साठवायचा वरचा कप्पा, चढवली की पाक बंद, नाहीतर मध म्हणून साखरच काढाल.

पेटी उबदार, कोरड्या दिवशी उघडावी. जाळीचा बुरखा घालावा आणि धूर बेताने द्यावा. डंखाची ॲलर्जी असलेल्याने या कामात पडू नये. राणी शोधत बसण्याची गरज नाही. घरांच्या तळाशी उभी, ताजी अंडी दिसली म्हणजे दोन-तीन दिवसांपूर्वीपर्यंत ती होती. चौकटीच्या खालच्या कडेला राणीकोष (नवी राणी वाढते ती मोठी घरे) लोंबत असतील तर थवा निघण्याच्या, म्हणजे जुन्या राणीसह बऱ्याच माश्या पेटी सोडून जाण्याच्या, बेतात आहे. जागा वाढवा किंवा वसाहतीचे विभाजन करा. माश्यांनी न झाकलेल्या रिकाम्या चौकटी काढून घ्या, पोळ्याचे मेण खाणारा मेणकिडा तिथूनच सुरू होतो.

परागीभवनासाठी आणलेली पेटी पीक ५ ते १० टक्के फुलल्यावर शेतात न्यावी. फार आधी नेली तर माश्या दुसऱ्याच फुलांची सवय लावून घेतात. हलवायची ती अंधार पडल्यावर, दार जाळीने बंद करून. फुलोऱ्यात कीटकनाशक शक्यतो मारूच नये. टळणारच नसेल तर माश्यांना कमी घातक औषध निवडून, माश्या परतल्यावर संध्याकाळी फवारावे. शेजारच्या शेतकऱ्यालाही आधी सांगून ठेवा, कारण माश्या दोन-तीन किलोमीटर सहज जातात आणि बांध ओळखत नाहीत.

मध काढायची घाई नको. चौकटीतली तीन-चतुर्थांश घरे मेणाने बंद झाली की मध पिकला असे धरावे. त्याआधी काढलेल्या मधात पाणी जास्त राहते आणि तो आंबतो. काढायचा तोही फक्त मधकोठीतला. खालच्या कोठीतला मध फुले नसतील त्या दिवसांसाठी माश्यांनाच राहू द्यावा.